सुपडामायचं सूप

परवा अमडापूरच्या बाजारात पत्र्याची सुपं ढिगानं मांडलेली पाहिली. दुपारचं ऊन त्यांच्यावर पडलं होतं, बघवत नव्हतं. बाया एकेक उचलत, बोटानं वाजवून पाहत, भाव करत. मीही एक उचललं. उलटं केलं, बुडाकडून पाहिलं आणि परत ठेवलं. दुकानदार म्हणाला, बाई, सूप उलटं कोण पाहते? वस्तू आधी बुडाकडून पाहायची ही सवय माझी नाही. ती सुपडामायची. माझ्या हाताला ती कधी लागली ते मला कळलंसुद्धा नाही.

त्या दिवसापासून ती सारखी डोळ्यापुढे येते. म्हणून ही वही काढली. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. त्यानंतर वाणसामानाच्या यादीखेरीज फारसं लिहिलं नाही. पण कोणाला दाखवायचं नाही म्हटल्यावर लिहिता येईल असं वाटतं.

सुपडामाय आमच्या शेजारी राहायची. आमच्या दोन घरांमध्ये एक कुडाची भिंत आणि मागे एकच परस. आमच्यासारखीच तीही भाजीपाला करणाऱ्यांतली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. विहिरीजवळ अर्ध्या एकराचा तुकडा होता, त्यात वांगी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर लावायची आणि उंद्रीच्या बाजाराला डोक्यावर घेऊन जायची. उंच होती, वाळलेली होती, आणि चालताना कुठं तरी पोचायला उशीर झाल्यासारखी पुढे वाकून चालायची. मी लग्न होऊन आले ते नवीन राज्य झालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. तेव्हा तिचे केस अर्धे पांढरे होते.

आमच्या भागात सुपडा, सुपडाबाई ही नावं पुष्कळ आहेत. बाहेरच्या माणसाला हसू येतं. ज्या घरात मुलं जगत नाहीत, त्या घरात नवीन जन्मलेलं लेकरू सुपात घालतात, उकिरड्याच्या कडेला ठेवतात आणि दुसरीच कोणी बाई ते सापडलं म्हणून उचलते. आईला सूपभर ज्वारी देते आणि लेकरू आपलं करून घेते. म्हणजे ज्याची नजर त्या घरावर आहे त्याला वाटावं, हे काही यांचं नाही, टाकलेलं आहे. सुपडामायच्या आधी चार भावंडं गेली होती. ती अशी सुपातून आली आणि नावही सुपाचंच घेऊन आली.

त्यामुळे असेल किंवा कशामुळे असेल, सुपावर तिचा फार जीव. तिच्याकडे एकच सूप होतं. अमडापूरच्या बुरुडाकडून तिनं ते समोर बसून विणून घेतलेलं. दर दोन महिन्यांनी मेथी भिजवून वाटायची, त्यात शेण आणि कागदाचा लगदा कालवायची आणि ते लिंपायची. वापरून झालं की पदरानं पुसायची आणि तोंड भिंतीकडे करून खुंटीला लावायची. शेजारीपाजारी पाटा द्यायची, विळी द्यायची, एकदा तर अंगावरचं एक ठेवून उरलेलं दुसरं लुगडं दिलं. सूप मात्र कोणाला दिलं नाही. मागायला आलेल्या बाईला म्हणायची, दाने इकडे आन, मी पाखडून देतो. आणि द्यायचीही.

तिच्याकडे बसलं की वस्तूंच्या गोष्टी निघायच्या. माणसांच्या फारशा नाहीत. एखादी वस्तू हातात आली की ती उलटी करायची, बुडाकडून पाहायची, मग सरळ करायची आणि दोन प्रश्न विचारायची.

"याच्यातून काई काढता येते का? याले काई जोडता येते का? नाई ना? मंग हे पुरं झालं."

पुरं हा तिचा शब्द होता. सुई पुरी. तांब्या पुरा, कारण गळ्याशी धरता येतो, काठानं पिता येतो आणि लवंडला तरी थोडं पाणी आत राहतं. चुलीचे तीन दगड पुरे, चौथा लावला तर भांडं डुगडुगतं. कंदील अपुरा, कारण काच फुटते. बैलगाडीबद्दल तिचं मत दर वर्षी बदलायचं. सूप मात्र सगळ्यांच्या वर. ती मला ते हातात धरून शिकवायची. मागे खोल आणि पुढे उघडं, म्हणून भूस पुढे जातं नि दाणा मागे येतो. विणीला बारीक खाचा असतात, म्हणून खडा अडकतो. काठाला बांबूची दुहेरी कामटी, म्हणून बोटं रुतत नाहीत. अन् हे सगळं बसल्या जागी, वारा नसला तरी. एवढं सांगून झाल्यावर माझ्याकडे बघायची, जसं काही ते तिनंच विणलंय.

माझी नि तिची ओळख एका मण्यामुळे झाली. लग्नाला दोन महिने झाले असतील. धुणं वाळत घालताना माझ्या पोतीचा दोरा तुटला आणि एक सोन्याचा मणी परसात पडला. काळे मणी सापडले, तो सापडेना. सासूबाई बाजाराला गेल्या होत्या. मी गुडघ्यावर बसून माती चिवडत होते आणि रडत होते, आवाज न करता. कुडाच्या फटीतून सुपडामायनं पाहिलं असावं. काही न विचारता ती आली, खराट्यानं परसातली सगळी धूळ एका जागी लोटली आणि सूप घेऊन बसली. ते सूप तिनं मातीला कधी लावलं नव्हतं. एक एक सूप माती पाखडायची, घोळायची, उरलेलं बोटानं चाचपायची, बाजूला टाकायची. ऊन डोक्यावर आलं. मी म्हणाले, राहू दे आता. तिनं ऐकलं नाही. मग एकदा सूप तिरपं करून तिनं दोन बोटांनी मागच्या कोपऱ्यातून काहीतरी उचललं.

"माती गेली, मनी राह्यला. घे. अन् डोळे पूस, सासू वेशीत आली असन."

सासूबाईंना ही गोष्ट शेवटपर्यंत कळली नाही. सुपडामायनं त्या रात्रीचं जेवण सोडून सूप धुतलं, वाळवलं आणि नव्यानं लिंपलं, हे मी दुसऱ्या दिवशी पाहिलं.

माझा धाकटा दीर मलकापूरला जिनिंगमध्ये कामाला होता. महिन्यातून एकदा घरी यायचा तेव्हा बाजारात आलेलं काहीतरी नवीन आणायचा आणि आधी सुपडामायला दाखवायचा. दोघांचं ते भांडण म्हणजे गल्लीची करमणूक होती. त्यानं स्टो आणला तेव्हा तिनं तो उलटा करून पाहिला, रॉकेल सांडलं, सासूबाई ओरडल्या. ही शांतपणे म्हणाली, "बारा जिनसा हायेत याच्यात. एक रुसली का अकरा उपाशी बसतीन." पुढे पिन हरवली आणि स्टो आठ दिवस फळीवर बसला, तेव्हा तिनं फक्त आमच्या चुलीजवळ येऊन हात शेकले.

पत्र्याचं पहिलं सूप आमच्या गल्लीत त्यानंच आणलं. म्हणाला, "माय, घे. आता काढ याच्यातली खोट. हे लिंपा लागत नाई, कुजत नाई, किडा लागत नाई."

तिनं पायलीभर तूर मागवली आणि ओट्यावर बसली. दोनदा पाखडलं. तुरीचा आवाज साऱ्या गल्लीत झाला. खडे आणि दाणे एकदमच घसरून पुढे आले, तिसऱ्या वेळी अर्धी तूर ओट्याखाली गेली. पोट्टे हसायला लागले. ती दिराला म्हणाली, "हे बोलते लय. सुपड्यानं बोलू नाई, दान्यानं बोलावं." मग बोट दाखवलं. पत्र्याच्या काठानं बारीक कापलं होतं. दीर चिडला. म्हणाला, "म्हातारे, तुले नवं काईच नाई पटत." तर ती म्हणाली, "पटते ना. तुह्या मलकापूरची आगगाडी पटली मले. तिच्यात काई खोट नाई दिसली. पन मी तिले उलटी करून पाह्यली नाई अजून." दीरसुद्धा हसला.

एका गोष्टीवर मात्र ती हसायची नाही. रिकामं सूप कोणी हलवलं तर तिचा चेहरा बदलायचा. मी एकदा सहज, हाताला चाळा म्हणून, रिकामं सूप पाखडल्यासारखं केलं. तिनं माझ्या हातातून ते हिसकून घेतलं. "रिकामं सुपडं हालवू नको वं पोरी. घरचं मानूस जाते त्यानं." इतक्या जोरात ती माझ्याशी कधी बोलली नव्हती.

आता मला पुढचं लिहायचं आहे.

माझी पहिली मुलगी नवव्या दिवशी गेली. दुसरा मुलगा, महिना भरायला चार दिवस होते. दोन्ही वेळा सुपडामाय माझ्याजवळ बसून होती. दुसऱ्या वेळेनंतर मी बोलणंच टाकलं. तशीही मी कमी बोलणारी, त्यामुळे घरात कोणाच्या लवकर लक्षात आलं नाही. तिच्या आलं. रोज दुपारी काहीतरी निवडायला आणायची, माझ्यापुढे ओतायची आणि स्वतः गप्प बसून पाखडायची. त्या आवाजानं मला झोप यायची.

तिसऱ्या खेपेला दिवस भरत आले तेव्हा सासूबाईंनी ठरवलं, हे लेकरू सुपात घालायचं. घेणारी सुपडामायच, याबद्दल प्रश्नच नव्हता. मार्गशीर्षातली सकाळ होती, थंडी मरणाची. मुलगी झाली. सासूबाई म्हणाल्या, पत्र्याचं सूप घ्या, नवं आहे, स्वच्छ आहे. सुपडामायनं त्या सुपाला हात लावला, तो लगेच मागे घेतला आणि सासूबाईंचा हात धरून त्याच्यावर टेकवला. बर्फासारखं गार होतं. ती घरी गेली आणि आपलं सूप घेऊन आली. जे तिनं कधी कोणाला दिलं नाही ते.

सुपात मूठभर ज्वारी पसरली, त्यावर फडकं, त्यावर माझी मुलगी. सुईणीनं ते परसाच्या टोकाला उकिरड्याच्या कडेला नेऊन ठेवलं. मला मागच्या दारात टेकवून बसवलं होतं. आता आईनं तीनदा म्हणायचं असतं, "हे माह्यं नाई." एवढेच तीन शब्द. पहिल्यांदा माझा आवाज निघाला नाही. सासूबाई म्हणाल्या, जोरानं म्हण, ऐकू गेलं पाहिजे. कोणाला ऐकू गेलं पाहिजे ते त्यांनी सांगितलं नाही. मी तीनदा म्हटलं. लग्न होऊन आल्यापासून त्या घरात मी एवढ्या मोठ्यानं काही बोलले असेन तर ते तेवढंच.

मग सुपडामाय पुढे झाली. "मले सापडलं," म्हणाली. मुलीला उचललं, सूपभर ज्वारी आणून माझ्या पदरात ओतली आणि लेकरू माझ्याकडे देत म्हणाली, "धर. लेकरू माह्यं हाय. तू नुसतं दूध पाज." नावही तिनंच ठेवलं. एका गल्लीत दोन सुपडा कशाला म्हणून कचरी ठेवलं.

पाच वर्षांचा नेम होता. पाच वर्षं लेकरू तिचं. कोणी विचारलं तर माझं म्हणायचं नाही. काजळ घालायचं नाही, नवं अंगडं शिवायचं नाही, लोकांत कवटाळायचं नाही. पाच वर्षं पुरी झाली की तिनं लेकराला त्याच सुपात बसवायचं, आपल्या तोंडानं तीनदा "हे माह्यं नाई" म्हणायचं आणि ज्वारी परत घ्यायची. मग ते आईचं. आईनं उचलून न्यायचं आणि घराच्या उंबऱ्याआत जाईपर्यंत मागे पाहायचं नाही.

कचरी जगली. नववा दिवस गेला, महिना गेला, वर्ष गेलं. मी नेम मोडला नाही. एकदा उंद्रीच्या बाजारात एका बाईनं वांगी घेताना तिचा गाल धरला आणि विचारलं, गोड पोट्टी हाय, कोनाची वं? मी म्हणाले, शेजारची. कचरी तेव्हा अडीच-तीन वर्षांची होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं की नाही मला माहीत नाही. ती मला बाई म्हणायची. घरात सगळ्या मोठ्या बाया मला नावानं हाक मारत, ते सोडून तिनं बाई कुठून उचललं कोण जाणे. माय ती सुपडामायला म्हणायची. दूध माझं प्यायची आणि पोट भरलं की कुडाच्या फटीतून पलीकडे पळायची.

मी सुपडामायचा राग केला नाही असं लिहिलं तर खोटं होईल. तिच्या ओसरीवर दोघी बसलेल्या दिसायच्या, कचरीच्या हातात एक छोटं झाकण, त्यात चार दाणे, आणि ती पाखडल्यासारखं करायची. सुपडामाय तिचे हात धरून शिकवायची. मी पाण्याला जाताना मान खाली घालून जायचे.

कचरीला गोवर आला तेव्हा मी सगळा नेम विसरून तिला मांडीवर घेऊन बसले. सुपडामाय शेजारी कडुनिंबाचा डहाळा हलवत होती. ताप उतरत नव्हता. तिनं एकदम आपली गोष्ट सांगायला सुरुवात केली. तिला ज्या बाईनं उचललं होतं ती सुपं विणणारीच होती, गावोगाव फिरणारी. वर्षातून एकदा यायची, तिच्यासाठी काहीतरी आणायची. नेमाचं वर्ष भरायच्या आधी पटकीची साथ आली आणि ती बाई कुठल्या गावी गेली ते कोणाला कळलं नाही. परत करणारी कोणी राहिलीच नाही. सुपडामायच्या आईनं भीतीपोटी तिला कधी माझी म्हटलं नाही. लग्नात पाठवणी करतानासुद्धा आई दाराआड उभी राहिली. मरताना हिच्या मागून झालेल्या भावंडांना जवळ बोलावलं, हिला नाही.

"मले कोनं परत केलंच नाई, पोरी," ती म्हणाली. "मी अजून सुपड्यातच हाय."

डहाळा तसाच हलत होता. त्या दिवसापासून मला एक धास्ती लागली. ती थकत चालली होती, खोकला होता. ती गेली आणि तिनं ते तीन शब्द म्हटले नाहीत, तर माझी कचरीही तशीच सुपात राहील. मीही दाराआड उभी राहीन.

मार्गशीर्षात पाच वर्षं भरली. सासूबाईंनी ज्वारी काढून ठेवली. सुपडामाय म्हणाली, सूप पुढून उसवलंय, बुरूड आला की दुरुस्त करून घेते, मग करू. बुरूड आला. ती म्हणाली, लिंपायला पाहिजे. लिंपलं. मग पौष लागला, पौषात नको. मग तुरीचे दिवस, हात रिकामे नाहीत. मग म्हणाली, काठाची कामटी ढिली झाली आहे, एवढं वजन सोसणार नाही, पोट्टी पडेल. उन्हाळा आला तेव्हा ती सूप समोर घेऊन बसायची, उलटं करायची, सरळ करायची आणि मान हलवायची. हे मांगून खोल नाई, म्हणायची. वीण बराबर नाई. बुरुडानं फसवलं मले.

दीर सुट्टीवर आला होता. त्याला खरं काय चाललंय ते ठाऊक नव्हतं, त्याला मजा वाटली. म्हणाला, "सापडली ना शेवटी खोट? मंग पत्र्याचं घे." तिनं त्याला उत्तर दिलं नाही असं तोवर कधी झालं नव्हतं.

जूनमध्ये शाळेचे मास्तर गल्लीत आले, मुलांची नावं लिहायला. कचरी अंगणात खेळत होती. मी दारात उभी होते, तिचं नाव माझ्या हातानं लिहून द्यायचं असं मनात ठरवून. मास्तरांनी तिला विचारलं, तुझी आई कुठंय, बोलाव बरं. कचरी उठली. माझ्या पदराला धक्का देत अंगावरून पळत गेली आणि सुपडामायला हाताला धरून घेऊन आली.

मास्तर नवीन होते. त्यांनी एवढ्या म्हातारीकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. सुपडामायनं माझ्याकडे पाहिलं नाही. खोकला आला म्हणून वळली.

त्या दुपारी मी तिच्या ओसरीवर गेले. ती सूप घेऊन बसली होती. मला बघताच म्हणाली, हे सुपडं आता मोडीत काढा लागते, नवं विनून घेतो, मंग... मी मध्येच बोलले. मोठ्या माणसाचं बोलणं मी तोडलं असं तेवढंच.

"सुपडामाय, सुपडं तं पुरं हाय."

ती थांबली. सूप मांडीवर ठेवलं. त्याच्या काठावरून बोट फिरवत राहिली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि परत. मला वाटलं ती चिडेल, नाहीतर रडेल. तिनं दोन्ही केलं नाही.

"हाव," म्हणाली. "सकाळी ये."

सकाळी ती अंघोळ करून धुतलेलं लुगडं नेसून बसली होती. सासूबाई, मी, बस्स. तिनं कोणाला बोलावू दिलं नाही. सुपात फडकं घालून कचरीला बसवलं. साडेपाच वर्षांची पोर, सुपात मावते कुठे. पाय बाहेर लोंबत होते, हातांनी दोन्ही काठ धरले होते, सूप करकरत होतं, पण कामटी हलली नाही. कचरीला तो खेळच वाटला. ती हसत होती.

सुपडामाय म्हणाली, "हे माह्यं नाई."

दुसऱ्यांदा म्हणाली. आवाज स्वच्छ होता, मी दारात म्हटलं होतं त्यापेक्षा स्वच्छ.

मग ती थांबली. ओठ हलले. काही ऐकू आलं नाही. सासूबाई खाली पाहायला लागल्या. आदल्या दिवशी कचरीला सगळं समजावलं होतं, काय काय होणार ते. तिनं मान वर करून सुपडामायकडे पाहिलं.

"तीन डाव म्हनायचं असते ना, माय? अजून एक राह्यलं."

सुपडामायनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिसऱ्यांदा म्हटलं. मग हात काढला.

मी ज्वारी तिच्या पदरात ओतली आणि कचरीला उचललं. पाच वर्षांत दिवसाउजेडी, कोणासमोर, तिला असं पहिल्यांदाच उचललं. जड होती. ती खांद्यावरून मागे बघत म्हणाली, माय येत नाई का? मी चालत राहिले. परस ओलांडायला तीस पावलं लागतात.

त्याला आठवडाही झाला नसेल. तिची भाची मलकापूरहून आली आणि औषधाला म्हणून तिला घेऊन गेली. त्या दिवशी आम्ही मळ्यात होतो, भेट झाली नाही. श्रावणात ती वारल्याचा निरोप आला. तिच्या घरातलं काय काय भाचीनं नेलं, काय वाटून टाकलं. सूप खुंटीला नव्हतं.

कचरी आता सहावीत आहे. शाळेत तिचं नाव कांचन लागलं आहे, ते मीच लिहून दिलं. ती मला आई म्हणते. सुपडामाय तिला पुसट आठवते. तिला सगळं वाचता येतं, म्हणून ही वही मी पिठाच्या डब्यामागे ठेवते. कारण एक गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही, आणि पोरीला साधा ताप आला तरी मला आधी तीच गोष्ट आठवते.

मी नेम मोडला. उंबऱ्याला पाय लावण्याआधी मी मागे पाहिलं.

सुपडामाय तिथंच बसली होती. पदरातली ज्वारी तिनं बाजूला जमिनीवर ओतून ठेवली होती. सूप तिच्या हातात होतं, रिकामं, आणि ती पाखडत होती. दोनदा पाखडलं, घोळलं, तिरपं केलं. आवाज काही नाही. मग मागच्या कोपऱ्यात बोटं घातली, चाचपलं, दोन बोटांत काहीतरी धरल्यासारखं उचललं, आणि जपून जमिनीवर ठेवलं.